तिसऱ्या दिवशीचा चेहरा

आमच्या लातूरकडे भाद्रपदात ज्या येतात त्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. त्यांना अंग असं नसतंच. पत्र्याच्या कोठ्या असतात, त्यांत धान्य भरायचं, वरून साडी नेसवायची, निऱ्या बसवायच्या, कमरपट्टा बांधायचा. तोवर खोलीत नुसत्या दोन नेसवलेल्या कोठ्या उभ्या असतात आणि पोरं त्यांना खुशाल टेकून बसतात. मग आजी ट्रंकेतून फडक्यात बांधलेले मुखवटे काढायची. चिंचेनं घासून लख्ख केलेले पितळी मुखवटे. ते कोठीवर चढले, नथ लागली, कुंकू लागलं, की खोलीतल्या बायांचे आवाज आपोआप खाली यायचे. टेकून बसलेली पोरं उठून उभी राहायची. त्यांना कुणी उठ म्हटलेलं नसायचं. खोलीत कुणीतरी आलेलं असायचं.

तो क्षण मी दरवर्षी डोळ्यांत साठवून ठेवायची. पुढे मेंदूविषयी वाचू लागले तेव्हा कळलं की त्या क्षणाला मापही आहे. चेहरा नजरेला पडला की साधारण १७० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात, डोक्यावर लावलेल्या तारांवर एक ठळक लहर उमटते. खुर्ची, गाडी, फूल पाहताना ती एवढी उंच उठत नाही. १९९७ साली नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या खालच्या अंगाला, कानाच्या मागच्या बाजूला, एक लहानसा भाग दाखवून दिला. चेहरा पाहिला की तो इतर कशाहीपेक्षा जास्त चेततो, आणि उजव्या बाजूला अधिक. त्याला फ्युजिफॉर्म फेस एरिया म्हणतात. खरा चेहरा असो, चित्रातला असो की पितळेचा, दोन डोळे, त्यांखाली नाक, त्याखाली तोंड अशी मांडणी जुळली की मेंदू 'कुणीतरी आहे' म्हणतो. मांडणी उलटी केली की तो अडखळतो. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की उलटं धरलेलं घर ओळखायला जेवढं जड जातं, त्यापेक्षा उलटा धरलेला चेहरा फार जास्त जड जातो. चेहरा आपण नाक, डोळे, ओठ असा सुटा सुटा वाचत नाही, सगळा एकदम उचलतो.

पण माझं कुतूहल अडकलं ते तिसऱ्या दिवशी.

पहिल्या दिवशी महालक्ष्म्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, पुरणपोळी आणि सोळा भाज्यांचं ताट होतं, सवाष्णी येतात, रात्र जागते. तिसऱ्या दिवशी त्यांना निरोप द्यायचा. त्या दिवशी हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई दारातून समोर पाहून एकच वाक्य बोलते, "चेहरा उतरलाय बघ आज." आणि तो उतरलेला दिसतोच. काल भरल्या घरात गालातल्या गालात हसणारी ज्येष्ठा आज ओठ मिटून बसलेली दिसते. माझी आई म्हणायची, सासरी निघालीय ती, कशी हसेल. पितळ तेच. कोरलेले ओठ तेच. मागच्या पिढीत कुण्या कासाराच्या दुकानातून आलेला तो मुखवटा तीन दिवसांत केसभरही बदललेला नसतो.

मी याला भाबडेपणा मानत नाही. त्या बायका जे पाहत होत्या ते खरोखर पाहत होत्या. जपानमध्ये नोह नावाची जुनी नाट्यपरंपरा आहे, तिथे नट लाकडी मुखवटा घालतो आणि मान किंचित वर-खाली करून त्याच मुखवट्याला हसवतो किंवा रडवतो. २००० साली त्यावर रीतसर प्रयोग झाले आणि मुखवटा जरा कलला की पाहणाऱ्याला त्यावरचा भाव बदललेला वाटतो हे सिद्ध झालं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी समया ठसठशीत तेवत असतात, माणसं उभी असतात, वरून पाहतात. तिसऱ्या दिवशी खोली रिकामी होत आलेली, फुलं सुकलेली, बाया खाली बसून दोरे घेत असतात आणि खालून वर पाहतात. प्रकाश बदलला, कोन बदलला. शिवाय मन बदललेलं. रशियातला चित्रपट दिग्दर्शक कुलेशॉव्ह याचं नाव यासाठीच घेतात. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यानं वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला, आणि लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक दिसला, अशी त्याची आठवण सांगतात. चेहऱ्यावरचा भाव निम्मा समोरच्या माणसाचा असतो आणि निम्मा आपण घेऊन आलेलो असतो. माहेराहून निघालेल्या बाईचा चेहरा कसा दिसतो हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला आतून ठाऊक होतं.

मुखवटे परत फडक्यात जायच्या आधी लहानपणी माझा एक उद्योग असायचा. मुखवटा उचलून त्याची पोकळ बाजू आपल्याकडे करायची, खिडकीशी टेकवून ठेवायचा आणि चार पावलं मागं जाऊन एक डोळा मिटायचा. खोलगट असलेला तो चेहरा फुगून बाहेर येतो आणि आपण डावी-उजवीकडे सरकलो की आपल्यामागं मान वळवतो. आजी रागवायची, देवीची पाठ बघू नाही म्हणायची. हा खेळ आहे असं तेव्हा वाटायचं. दृष्टीचे अभ्यासक रिचर्ड ग्रेगरी यांनी मात्र आयुष्यभर यावर विचार केला. आत गेलेलं नाक मेंदूनं कधी पाहिलेलंच नाही, म्हणून डोळ्यांनी पाठवलेली सावल्यांची साक्ष तो सरळ बाजूला सारतो आणि आपल्या अनुभवातला चेहरा तिथं उभा करतो. २००९ साली जर्मनी आणि लंडनमधल्या संशोधकांना असं दिसलं की स्किझोफ्रेनिया झालेली माणसं या भासाला सहसा फसत नाहीत, त्यांना खोलगट ते खोलगटच दिसतं. मला हे वाचून गलबलून आलं होतं. आपण शहाणी माणसं ज्याला बघणं म्हणतो त्यात आपलं देणं किती आहे, हे त्या आजारी माणसांनी दाखवून दिलं.

चेहरा कुणाचा आहे हे कळणं आणि चेहऱ्यावर काय आहे हे कळणं ही दोन कामं आहेत, हे १९८६ मध्ये विकी ब्रूस आणि अँडी यंग या दोघांनी नीट आराखडा काढून मांडलं. पुढं २००० साली हॅक्स्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला मेंदूतल्या जागा जोडून दाखवल्या. नाकाची ठेवण, डोळ्यांतलं अंतर असं जे वर्षानुवर्षं टिकतं ते फ्युजिफॉर्मकडे. क्षणाक्षणाला हलतं ते, भुवई उचलणं, ओठाचा कोपरा मुडपणं, नजर फिरवणं, हे कानाच्या वर आडव्या जाणाऱ्या एका खाचेकडे. भीती, धोका, आपलं-परकं याची झणक अमिग्डालाकडे, जो बदामाएवढा असतो आणि खोल आत असतो. हे सगळं एकमेकांशी बोलत राहतं, म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. एखादा धागा तुटला की मगच त्यांचं वेगळेपण उघडं पडतं.

१९४७ मध्ये योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी युद्धात डोक्याला जखम झालेल्या माणसांविषयी लिहिलं. त्यांना डोळे, नाक, ओठ सगळं दिसे, पण तो चेहरा कुणाचा हे कळत नसे. आवाज आला की बायको, नाहीतर कुणीतरी बाई. अशा काही रुग्णांना चेहरा ओळखता आला नाही तरी त्यावरचं हसू किंवा राग बरोबर कळतो, हे पुढं अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात तपासलं गेलं. त्याच विद्यापीठात एका बाईंचा अभ्यास झाला, शास्त्रात त्यांना नुसतं एस. एम. म्हणतात. त्यांचा अमिग्डाला दोन्हीकडून निकामी झालेला. ओळखीची माणसं त्या झटकन ओळखत, पण घाबरलेला चेहरा समोर आला की तो घाबरलाय हे त्यांना उमगत नसे. त्यांच्याविषयीचं पहिलं निरीक्षण १९९४ चं. मग २००५ मध्ये त्याच अभ्यासकांच्या लक्षात आलं की त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नाहीत. डोळ्यांकडे बघा, असं सांगितलं आणि त्यांना भीती ओळखता आली. सांगणं थांबलं की पुन्हा पहिलंच. या विषयात मी जे जे वाचलं त्यात मला सर्वांत हलवून गेलेली गोष्ट ही. भीती डोळ्यांत असते, आणि ती कळायला आधी डोळ्यांत बघावं लागतं.

याच्या उलट्या टोकाचं दुखणं कापग्रा या डॉक्टरांनी १९२३ मध्ये नोंदवलं. चेहरा ओळखू येतो, पण त्यासोबत येणारी ऊब येत नाही. मग माणूस म्हणतो, ही आईसारखी दिसते, पण आई नाही, कुणी तोतया आहे. ओळख म्हणजे नाव आठवणं एवढंच असतं तर या माणसाचं काहीच बिघडलं नसतं.

नांदेड जिल्ह्याच्या पार उत्तरेला, डोंगरात, माहूरगडावर रेणुका आहे. तुळजापूरची भवानी पूर्ण मूर्ती आहे, माहूरची रेणुका म्हणजे फक्त मुख. शेंदरानं माखलेला मोठा तांदळा, त्यावर डोळे, नथ, मुकुट. खाली काही नाही. असं का, याची कथा आमच्याकडे लहान पोरालाही येते. रेणुका गेल्यावर आईच्या आठवणीनं तिचा मुलगा परशुराम व्याकूळ झाला. आई जमिनीतून वर येईल, पण मागं वळून पाहू नकोस, असं त्याला सांगितलेलं. त्याला धीर निघाला नाही, तो वळला. तोवर मुखच वर आलं होतं, तेवढंच राहिलं. ही कथा सांगताना लोक परशुरामाच्या उतावळेपणावर बोट ठेवतात. मला तो उतावळेपणा वाटत नाही. मुलाला आईचं काय हवं असतं? जन्मून काही मिनिटं झालेलं बाळसुद्धा चेहऱ्यासारख्या आकृतीमागं डोळे आणि मान वळवतं, हे १९७५ मध्ये नोंदवलं गेलं आहे. चार दिवसांचं बाळ आईचा चेहरा परक्या बाईच्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ पाहत राहतं. पण १९९५ च्या एका अभ्यासात बायांनी डोक्याला रुमाल बांधला तेव्हा ते जमेना, कारण एवढ्या लहान बाळाची ओळख कपाळावरच्या केसांच्या रेषेवर टेकलेली असते. नाकडोळे त्याच्या नजरेत भरायला पुढं काही आठवडे लागतात. आमच्याकडच्या बाळंतिणी डोक्यावरून पदर आणि कानाला घट्ट बांधलेला रुमाल घेऊन बसतात. आईला शोधत असलेली किती चिमुकली डोकी त्या रुमालाशी अडखळली असतील, आणि मग वासानं, आवाजानं तिच्यापर्यंत पोचली असतील! परशुराम वळला तो चेहऱ्यासाठीच. माहूरला गेले की मी त्या मुखाकडे आई म्हणून पाहते आणि त्या मुलाविषयी मला माया वाटते.

आता किल्लारीच्या भूकंपाचं लिहिते, ते टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं उशिरा झोपलेली. महालक्ष्म्या थोड्याच दिवसांपूर्वी उठून गेलेल्या, मुखवटे ट्रंकांत. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेली घरं झोपेतल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. घरांबरोबर फोटोही गेले, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. त्या काळी खेड्यात घरटी एखादाच फोटो असायचा, लग्नातला किंवा जत्रेतला.

औसा तालुक्यातली एक बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे. भूकंपात आई गेली तेव्हा ती लहान होती. आईचा एकही फोटो तिच्याकडे नाही. ती म्हणते, "डोळं झाकलं की माय दिसती, उघडलं की जाती." हे काव्य म्हणून ती बोलत नाही. २००० साली कॅनविशर आणि त्यांच्या सहकारी ओक्रेव्हन यांनी पाहिलं की समोर काहीही नसताना एखादा ओळखीचा चेहरा मनात आणला तरी तोच फ्युजिफॉर्म भाग चेततो, प्रत्यक्ष पाहताना चेततो त्याहून मंद. म्हणजे या बाईच्या डोक्यात तीस वर्षांहून जास्त काळ, उजव्या कानामागं, तिच्या आईची एक जागा जागी आहे.

त्याच बाईनं मला दुसरीही गोष्ट सांगितली. तिची लेक बापावर गेलीय, नाक, हनुवटी, रंग, सगळं बापाचं. पण ती पोट धरून हसली की मायच बसलीय समोर, असं तिला होतं. ओठ एका बाजूला जरा जास्त उचलणं, हसता हसता डोळे मिटून मान मागं टाकणं. हे ऐकून मला ब्रूस आणि यंग यांचा आराखडा थोडा अपुरा वाटला. हलणाऱ्या चेहऱ्यातही माणसाची खूण असते, हसण्याची, रागावण्याची प्रत्येकाची धाटणी वेगळी असते आणि मेंदू तिच्यावरूनही माणूस ओळखतो, असं अलीकडचे अभ्यासक मानतात. दोन वाटा वेगळ्या आहेत, पण मधून मधून एकमेकींना मिळतात. अशा एखाद्या ठिकाणी त्या बाईला तिची आई भेटते.

आजीकडे येते. तिला माणसं ओळखण्याची विलक्षण हातोटी होती. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांतून येणाऱ्या बाजारच्या गर्दीत ती दुरूनच सांगायची, हे नाक वरच्या आळीतलं, ही पोरगी अमक्याच्या घरची असणार. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अंदाज काढला की माणसाला सरासरी पाच हजार चेहरे ओळखता येतात, कुणाला हजार, कुणाला दहा हजार. आजी दहा हजारांतली होती असं मला वाटतं. शेवटची काही वर्षं ती नांदेडला आत्याकडे होती, तरोडा नाक्याजवळ. विसरण्याचा आजार जडला. आधी नावं गेली, मग नाती, मग चेहरे.

लातूरहून, गावाकडून माणसं भेटायला यायची. मायेनंच यायची. पण आल्या आल्या तिच्यासमोर तोंड नेऊन विचारायची, "वळखलीस का माय? सांग बरं मी कोण?" आजीचे हात पदराच्या टोकाशी चाळा करू लागायचे. डोळे आत्याचा चेहरा शोधायचे, तिथं उत्तर मिळतंय का पाहायचे. समोरचा माणूस आणखी मोठ्यानं विचारायचा. मग हिरमुसून म्हणायचा, गेली, काही राहिलं नाही.

राहिलं होतं. एकदा मी मन फार उदास असताना तिच्याकडे गेले. कुणाला काही बोलले नव्हते, आत्यालाही नाही. समोर बसले, तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "तोंड कामून उतरलंय गं तुझं? कुणाची तू?" दोन्ही वाक्यं एका दमात. मी कोण हे तिला माहीत नव्हतं, मला काय झालंय हे घरात फक्त तिला दिसलं होतं. तिसऱ्या दिवशी ज्येष्ठेचा उतरलेला चेहरा सगळ्यांत आधी तिलाच दिसायचा, ती नजर शाबूत होती.

आयोवातच २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना आधी करुण आणि नंतर आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले गेले. काय पाहिलं ते त्यांना थोड्या वेळानं सांगता येईना, पण मनात उठलेली उदासी आणि आनंद मात्र टिकून राहिले. ज्यांना सर्वांत कमी आठवत होतं त्यांची उदासी जास्त वेळ राहिली. हे वाचल्यापासून मला त्या पाहुण्यांच्या प्रश्नांची भीती वाटते. पाहुणा अर्ध्या तासात विसरला जातो. त्यानं घेतलेल्या परीक्षेत नापास झाल्याची हुरहुर मागं राहते, आणि ती कशाची हेही त्या बिचाऱ्या जिवाला कळत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारात, गावात असं विसरत चाललेलं म्हातारं माणूस असेल तर त्याला 'ओळखलंत का' हा प्रश्न विचारू नका. आपलं नाव, गाव, नातं आपणच आधी सांगा. दारात, उजेडाकडे पाठ करून उभं राहू नका, त्यांना नुसती काळी आकृती दिसते. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं बसा. गॉगल काढा, तोंडाला बांधलेला रुमाल सोडा. आपल्या चेहऱ्यावर जे असेल ते त्यांना कळणार आहे, तेव्हा घाई आणि कीव बाहेर ठेवून आत जा. आणि आपल्याला ओळखलं नाही म्हणून पुढची खेप चुकवू नका.